सिव्हिल इंजिनिअरिंगची चार वर्षे

(मंडळाच्या गणेशोत्सवात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाच्या कार्यवाहांनी मला सांगितले की बारावीची मुले येतील, त्यांचे पालक येतील, तुम्ही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाबद्दल बोला, पण आरतीच्या आत संपवा. तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

दरवर्षी जून-जुलैमध्ये आपल्या वसाहतीतले कोणी ना कोणी घरी येते. सोबत मुलगा किंवा मुलगी असते. चहा होतो आणि मग प्रश्न येतो, "काका, कॉम्प्युटर मिळत नाहीये, सिव्हिल मिळतंय. घेऊ का?" या प्रश्नातच उत्तराची निम्मी अडचण आहे. 'मिळतंय' म्हणून घेतलेली शाखा ही उरलेल्या भाजीसारखी होते. ताटात असते, पण कोणी मनापासून खात नाही. म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो : या चार वर्षांत नेमके काय शिकवतात, हे तुला ठाऊक आहे का? बहुतेकांना वाटते, घराचे नकाशे काढायला शिकवतात. नकाशा हा त्यातला लहानसा भाग आहे, आणि घराचा नकाशा तर बराचसा आर्किटेक्टचा प्रांत.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगतो. १८४७ साली रुरकीचे कॉलेज निघाले ते गंगेच्या कालव्यासाठी माणसे हवी होती म्हणून. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला तोही सरकारी बांधकामावर देखरेख करणारी माणसे तयार करण्यासाठी. म्हणजे आधी काम उभे होते, कॉलेज मागून आले. पुण्याच्या त्या वर्गाचे पुढे कॉलेज ऑफ सायन्स झाले, मग सी.ओ.ई.पी. झाले आणि २०२२ साली ते विद्यापीठ बनले. तिथूनच १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. खडकवासल्याला १९०३ साली त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दरवाज्यांबद्दल आपण वाचलेले असते. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर, म्हणजे अभियंता दिन, बहुतेक वर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो. नागपूरचे व्ही.एन.आय.टी. १९६० साली निघाले, तेही त्यांच्याच नावाने.

भिलाईची गोष्टही अशीच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. मध्ये अवघी चार वर्षे. तुमचा पदवीचा अभ्यासक्रमही चारच वर्षांचा! पोलाद पाहण्याआधी त्या चार वर्षांत इथे पाया खणला गेला, काँक्रीट ओतले गेले, रूळ टाकले गेले, पाणी आणले गेले. कारखान्याच्या इतिहासात धातुशास्त्राचे नाव मोठे आहे आणि ते असायलाच हवे. पण भट्टी उभी आहे ती पायावर.

आता अभ्यासक्रमाकडे वळतो. पहिल्या वर्षी गणित, भौतिक, ड्रॉइंग, मेकॅनिक्स. सगळ्या शाखांना जवळपास सारखेच, त्यावर वेळ घालवत नाही. खरे सिव्हिल दुसऱ्या वर्षी सुरू होते, आणि माझ्या मते ते सर्व्हेपासून सुरू होते.

सर्व्हेमध्ये एक गंमत आहे. लेव्हल घेऊन तुम्ही एका खुणेपासून निघता, मैदानाला फेरी मारता आणि त्याच खुणेवर परत येता. उंचीतला फरक शून्य यायला हवा. तो कधीच शून्य येत नाही. कुठे स्टाफ थोडा कललेला असतो, कुठे डोळा चुकतो, कुठे उन्हाने हवा थरथरते. अचूक लेव्हलिंगला एका किलोमीटरच्या फेरीत साधारण १२ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त आला तर फेरी पुन्हा मारायची. मे महिन्यात, भिलाईच्या ४५ अंशात, पुन्हा! मग विद्यार्थी काय करतात? फील्डबुकात शेवटचा आकडा 'जुळवून' टाकतात. मास्तर सही करतात आणि सगळे कँटीनला जातात.

मित्रहो, आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. सिव्हिलच्या चार वर्षांत जे वाईट शिकले जाते त्यात सर्वांत वाईट म्हणजे न घेतलेले रीडिंग लिहिणे. मागच्या वर्षीच्या मुलाची प्रॅक्टिकलची फाईल मिळवायची, आकडे उतरवायचे, गुण मिळवायचे. असे जवळजवळ सर्वत्र चालते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. इतर शाखांत त्याचा काय परिणाम होतो ते मी सांगू शकत नाही. आमच्या शाखेत काय होतो ते सांगतो.

काँक्रीटची ताकद क्यूबने तपासतात. १५० मिलिमीटरचा घन. स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे तीन घन भरून ठेवायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मशिनवर दाबून फोडायचे. एम-२० या मामुली प्रतीचा घनसुद्धा साधारण ४५ टन वजन पेलून मग फुटायला हवा. पण तीन घन कधीही एकाच आकड्याला फुटत नाहीत. गिट्टी सारखी नसते, पाणी थोडे कमीजास्त होते, कुटाई वेगळी होते. आय.एस. ४५६ ही आपली काँक्रीटची संहिता. तिच्या २००० सालच्या आवृत्तीतच हा चढउतार गृहीत धरला आहे. एम-२० साठी ४ चे प्रमाण विचलन धरून मिश्रणाचे सरासरी लक्ष्य २० ऐवजी २६.६ ठेवतात, ते याचसाठी. तीन घनांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर गेला तर तो नमुना धरत नाहीत.

माझ्या नोकरीच्या काळात एका कामावर, कोणत्या ते सांगण्याची गरज नाही, ठेकेदाराच्या माणसाने क्यूबचे रजिस्टर आणून दिले. सुंदर अक्षर. २५.२, २५.४, २५.३. पुढचे पान, २५.३, २५.२, २५.४. महिनोन्महिने असेच. मी म्हटले, बाबा रे, हे काँक्रीट आहे की सोनाराचा काटा? रजिस्टर भरणारा मुलगा पदवीधर होता, हुशार होता. त्याने मला अगदी सरळपणे सांगितले, "सर, कॉलेजमध्येही असेच लिहायचो." त्याला आपण काही खोटे करत आहोत असे वाटतच नव्हते. मला राग आला नाही, भीती वाटली. त्या स्लॅबवर मग हातोडीच्या चाचण्या घेतल्या, शंकास्पद ठिकाणी कोअर काढले आणि काही भाग फोडून पुन्हा करावा लागला. खर्च ठेकेदाराचा झाला. पण ते रजिस्टर कोणी उघडलेच नसते तर?

भीती का वाटली ते सांगतो. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. लातूर-उस्मानाबाद भागातली गावे बाप्पाचे विसर्जन करून उशिरा झोपली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली. तीव्रता ६ च्या थोडी वर, म्हणजे जगातला फार मोठा भूकंप नव्हे. माणसे मेली ती घरांखाली. मातीच्या लेपात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. शेकडो वर्षांच्या शहाणपणाने बांधलेली घरे ती. फक्त भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते आणि भिंती कोपऱ्यात एकमेकींना धरून नव्हत्या. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा बदलला आणि तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही असेच झाले होते. दख्खनचे पठार स्थिर आहे हा समज तिथे मोडला. धरण टिकले, पण त्याला तडे गेले, आणि तडे गेले ते मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. ही गोष्ट जगभरच्या पुस्तकांत शिकवली जाते. तिसऱ्या वर्षी 'स्ट्रक्चर्स' शिकताना गणिते सोडवून कंटाळलात की कोयनेच्या त्या तड्याचे चित्र पाहा. आकार एकदम बदलला की ताण तिथे गोळा होतो, हे पाच पानांच्या समीकरणांपेक्षा त्या एका चित्रात लवकर समजते.

तिसऱ्या वर्षाचाच दुसरा विषय म्हणजे माती. मला हा सगळ्यांत आवडतो आणि विद्यार्थ्यांना सगळ्यांत नावडतो. पुस्तकात क्ले, सिल्ट, सँड अशी इंग्रजी नावे असतात. पण इथला शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लाल, मुरमाड. कन्हार म्हणजे काळी, भारी. आपल्या विदर्भातली कपाशीची जमीन तीच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यावर साधा उथळ पाया घातला की दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा जातो. मग घरमालक म्हणतो, मिस्त्रीने सिमेंट खाल्ले. मिस्त्री बिचारा निर्दोषही असू शकतो! अशा मातीत ओलाव्याचा फरक साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाणवतो. म्हणून रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगा असलेले पाइल काढले. वरची माती हलली तरी खालचा फुगा घट्ट धरून ठेवतो. हे सगळे शिकायला पुस्तक हवेच, पण दुर्गच्या पलीकडे एखाद्या शेताच्या बांधावर मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये उभे राहून या. बरोबर शेतकऱ्याला घ्या आणि त्याला 'दादा' म्हणून विचारा. तो प्राध्यापकापेक्षा कमी सांगणार नाही.

मातीचा विषय निघाला म्हणून पाण्याचाही काढतो. आपल्या कारखान्याला आणि आपल्या नळाला तांदुळा धरणाचे पाणी येते, गंगरेलचेही येते. दोन्ही धरणे मातीची. मातीचा बांध पाणी अडवतो कसा, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडायला हवा. आणि तो कसा फुटतो हे पुणेकरांनी १२ जुलै १९६१ ला पाहिले. पानशेतचे काम पुरते झाले नव्हते, पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अर्धवट होते आणि पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरत गेला. भराव खचला, पानशेत गेले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फोडले. इथे गणित चुकले असे म्हणण्यापेक्षा घाई झाली असे मी म्हणेन.

भिलाईच्या मुलांना एक फायदा आहे, तो बहुतेक वाया जातो. भट्टीतून लोखंडाबरोबर मळी निघते, तिला आपण स्लॅग म्हणतो. ती पाण्याच्या झोताने एकदम गार केली की तिचे दाणे होतात, आणि ते दळून सिमेंटमध्ये मिसळले की स्लॅग सिमेंट होते. जामुलचे सिमेंट याच मळीवर चालत आले आहे. कारखान्याचा केर तुमच्या घराच्या खांबात आहे म्हणा ना. हे सिमेंट चांगले आहे, टिकाऊ आहे. मात्र ते सावकाश ताकद धरते, म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. साध्या सिमेंटला सात दिवस पुरतात. मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर चौदा दिवसांची शिफारस आहे. भिलाईत एप्रिलमध्ये कोण चौदा दिवस पाणी मारतो? सकाळी एकदा रेजाने पाइप फिरवला की झाले. बारा वाजेपर्यंत स्लॅब खडखडीत वाळलेला. ज्यांची घरे सध्या बांधली जात आहेत अशी बरीच मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी आजच जाऊन स्लॅबवर हात ठेवून पाहावा. बांध घालून पाणी साठवा किंवा ओली गोणपाटे टाका.

तर विद्यार्थ्यांनो, कॉलेज कोणतेही मिळो, सुटीत काम चालू असेल तिथे जा. परवानगी मागून जा, डोक्याला हेल्मेट घाला आणि मिस्त्रीच्या मध्ये मध्ये करू नका. ओळंबा आणि पाणसळ कशी धरतात ते शिका. सळया बांधणाऱ्याला विचारा की गॅलरीच्या स्लॅबला सळई वर का आणि खोलीच्या स्लॅबला मधोमध खाली का. तो 'नकाशात तसे आहे' असे म्हणाला तर कारण तुम्ही त्याला सांगा, पण आधी स्वतःला समजू द्या.

आता पालकांसाठी, कारण त्यांचे खरे प्रश्न अजून शिल्लक आहेत. प्रवेशाचे पाहू. एन.आय.टी.मध्ये जे.ई.ई. मेनवर प्रवेश असतो आणि निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांना असतात. राज्य ठरते ते मुलगा बारावी कुठून उत्तीर्ण झाला त्यावरून, मातृभाषेवरून किंवा मूळ गावावरून नाही. आपले आडनाव जोशी असो की वानखेडे, बारावी भिलाईची असेल तर रायपूरच्या एन.आय.टी.त तो घरचा आणि नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त बाहेरचा. त्यामुळे "नागपूर आपलेच" म्हणत रायपूरला नाक मुरडू नका. ते कॉलेज १९५६ साली खाण आणि धातू विषयांसाठी सुरू झाले, पुढे तिथे सिव्हिल आले आणि २००५ साली ते एन.आय.टी. झाले. शिवाय राज्याची पी.ई.टी. परीक्षा आहे, दुर्गचे बी.आय.टी. १९८६ पासून आहे आणि राज्याचे तंत्रविद्यापीठ तर भिलाईतच आहे. महाराष्ट्रात पाठवायचे असेल तर तिथल्या राज्य कोट्याला अधिवासाचे आणि शिक्षणाचे नियम आहेत, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आपल्या आय.आय.टी.चे पुष्कळजण विचारतात. २०१६ साली ती सुरू झाली तेव्हा कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल अशा तीन शाखा होत्या. सिव्हिल नव्हती, यावरूनही वारा कुठे वाहतो ते दिसते.

पैशाचे खरे सांगतो. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या भावापेक्षा कमी असतो. साइट दूर असते, रविवार नसतो, आणि पहिली चार-पाच वर्षे आईला काळजी वाटते. पुढे सरकारी खाती, रेल्वे, गेट देऊन सार्वजनिक उद्योग किंवा एम.टेक., इंजिनिअरिंग सर्व्हिसेसची परीक्षा असे रस्ते आहेत. पण त्यासाठीही विषय मुळापासून यावा लागतो. मुलाला धूळ, ऊन आणि माणसे यांचा तिटकारा असेल तर केवळ जागा मिळते म्हणून त्याला इथे ढकलू नका. आणि ज्याला लहानपणापासून पावसाचे पाणी अडवायला, वाळूचे पूल बांधायला आवडते, त्याला केवळ पगारासाठी दुसरीकडे ओढू नका.

मुलींचे आईवडील साइट म्हटले की बिचकतात. शकुंतला भगत यांचे नाव फार थोड्यांनी ऐकले असेल. पूलबांधणीतले मोठे अभियंते एस. बी. जोशी यांच्या त्या कन्या. १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून त्यांनी सिव्हिलची पदवी घेतली. त्या काळी देशात अशा महिला बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे त्यांनी आय.आय.टी. मुंबईत शिकवले आणि पती अनिरुद्ध भगत यांच्यासह ठरावीक सुटे भाग जोडून उभा करता येणारा 'क्वाड्रिकॉन' पोलादी पूल विकसित केला. पहिला पूल १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. सत्तर वर्षांपूर्वी एका मराठी घरातली मुलगी हे शिकली, तेव्हा आज भिलाईसारख्या गावात काय अडचण आहे ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

घंटेवर हात गेलेला दिसतो, तेव्हा आटोपतो. मांडवाच्या मागे मोकळ्या जागेत मी माझी जुनी डंपी लेव्हल तिकाटण्यावर लावून ठेवली आहे, शेजारी स्टाफही आहे. दरवर्षी पाऊस आला की पाणी स्टेजकडे का येते याची कार्यकारिणीत चर्चा होते. आरती झाल्यावर ज्या मुलांना हवे त्यांनी स्टेजच्या पायरीपासून फाटकापर्यंत लेव्हल घ्यावी, फेरी पूर्ण करून परत पायरीवर यावे आणि जो फरक येईल तो आहे तसा वहीत लिहून मला दाखवावा. उद्याच्या सभेत तीच वही ठेवू आणि चर कुठून काढायचा ते ठरवू.